खटका

कोल्हापुरातल्या बंदुकांच्या दुकानात शिरताना सगळ्या म्हाताऱ्या शिकाऱ्यांनी चपला बाहेर काढल्या. दुकानदारानं तसं कुणालाच सांगितलं नव्हतं. कंपनीनं कधीच बंद केलेली बोल्टची रायफल जशीच्या तशी पुन्हा काढली होती, आणि ती काउंटरवर लाल टॉवेलावर निजली होती. कुणीतरी तिच्यासाठी नारळही आणला होता.

हिंदुराव मात्र घामाघूम झाले होते. शिकारबंदीच्या आदल्या वर्षी अशाच रायफलीचा गोळी चढवायचा बोल्ट त्यांनी ओढला आणि समोरचं रानडुक्कर पळालं. "तुझ्या खटक्यानं पळालं," असं म्हणून त्यांच्या जिवलग दोस्तानं, सर्जेरावांनी, बोलणंच टाकलं. बोल्टचा एवढा आवाज होतच नाही, हे हिंदुराव जन्मभर गावाला सांगत आले होते. आज सर्जेराव शेजारीच उभे होते.

"ओढा की आबा," दुकानदार म्हणाला.

हिंदुरावांनी बोल्ट ओढला. खटॅक! पत्र्यावरची कबुतरं उडाली. रस्त्यापलीकडच्या म्हशीनं दावं तोडलं. दुकानातल्या सगळ्यांचे हात आपोआप जोडले गेले. हिंदुरावांनी डोळे मिटून घेतले.

सर्जेराव कानामागे तळवा धरून रायफलीकडे एकटक बघत होते.

"ओढ की लेका, थांबलास का?"

"ओढला की!" हिंदुराव ओरडले.

"ओढला?" सर्जेरावांचे डोळे भरून आले. "मायला, काहीच वाजलं नाही रं! उगाच बोललो तुला, गड्या."

हिंदुरावांनी रायफलीला वाकून नमस्कार केला, आणि दुकानदार तोंड उघडायच्या आत नारळ फोडला.