कड्याखालचा मुक्काम

तोबा तळ्याकाठी दोन दिवस राहायचं कुठे, यावरून होडीतच भांडण जुंपलं. दादाला काठावरचं बाजाराचं गाव पारापात हवं होतं. वहिनी म्हणाली, “बाजारच बघायचा तर मेदान शहर कशाला सोडलं? बेटावरच्या निवांत तुकतुकलाच जाऊ.” आजी उलोसची, आमच्याकडच्या हातमागाच्या कापडाची, शाल लपेटून समोरच्या कड्याकडे बघत होती. एकदम होडीवाल्याला म्हणाली, “कड्याखालच्या लॉजपाशी इंजिन बंद कर रे.” आजोबा याच पाण्यात मासेमारीला गेले ते परतलेच नाहीत. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. आम्हा नातवंडांनाही ते ठाऊक नव्हतं. आजी उभी राहिली. शाल खांद्यावरून घसरली, तिने सावरली नाही. “साहालाऽऽ!” ती ओरडली. आम्ही जागच्या जागी थिजलो. मग उंच कड्याकडून तेच नाव परत आलं, तिच्या आवाजाहून जड, आणि सगळ्या तळ्यावर पसरत गेलं. आजी शाल सावरत लाजून म्हणाली, “इथंच उतरू. अजून ओ देतात.”