पाय घट्ट

"पाय घट्ट?" मावशींनी खालून विचारलं आणि शमिकाच्या तोंडून सवयीनं "घट्ट" निघून गेलं.

दहीहंडीच्या सरावात थर लावून घेणाऱ्या मावशी प्रत्येकीला हेच विचारायच्या. मुलींच्या त्या पथकात आजवर कुणी दुसरं उत्तर दिलं नव्हतं. शमिका तिसऱ्या थरावर उभी होती. गेल्या वर्षी ती इथूनच पडली, मनगटात प्लेट बसली, तरी यंदा परत आली. म्हणून सगळ्या तिला वाघीण म्हणायच्या आणि तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

आता तिची पोटरी लटलटत होती. वाऱ्यानं होत असेल, तिनं मनाची समजूत घातली. पण मैदानाच्या कडेचा झेंडा काठीला चिकटून पडला होता. तेवढ्यात सगळ्यात वर उभी राहणारी ओवी चढत आली आणि तिनं शमिकाच्या खांद्यावर विश्वासानं हात टाकला. त्या हातासरशी शमिकाला कळलं, आपण वाघीण नाही. आपण घाबरलोय, वर्षभर घाबरूनच आहोत.

"मावशी, पाय घट्ट नाहीत," ती म्हणाली. "मला भीती वाटतेय. उतरवा."

शिट्टी वाजली. थर सावकाश उतरले. शमिका मान खाली घालून मातीत बसून राहिली. कुणाच्या तोंडाकडे बघायची तिला हिंमत होईना. जिच्या खांद्यांवर ती उभी होती ती संगीता शेजारी येऊन टेकली, उजवा खांदा दाबत.

"बरं झालं बोललीस," ती हळूच म्हणाली. "माझा खांदा मघापासून सुटत होता. मीपण घट्टच म्हटलं होतं."