तलावाला फुलं आली

जलकुंभी, म्हणजे जलपर्णी, या तलावात येणं शक्यच नव्हतं. दिव्यानीच्या संगणकातल्या मॉडेलनं तसं छातीठोकपणे सांगितलं होतं. तलाव उंचावर, वरून एकही नाला येत नाही. खालच्या तलावांतली ही ब्याद चढ चढून येणार कशी? म्हणून तिनं नकाशात तो हिरवा, म्हणजे निर्धोक, रंगवला होता. उद्या हाच नकाशा विद्यापीठात सरांसमोर मांडायचा. आणि इथं काठाशी जांभळी फुलं खुशाल डुलत होती!

"पाखरानं आणली असन," इस्तारीभाऊ म्हणाले. त्यांचं अख्खं घर याच तलावाच्या मासोळीवर चालायचं.

दिव्यानी भाऊंच्या डोंग्याच्या, छोट्या होडीच्या, काठावर टेकली. तळाशी साचलेल्या पाण्यात मुळ्यांचा एक झुपका होता. हिरवा, जिता.

तिनं तो उचलून पाहिला. जलकुंभीच. ज्या तलावाचा डोंगा त्याच तलावात, ही इथली रीत. पण खोली मोजायचं तिचं यंत्र याच डोंग्याला पक्कं बसवलेलं. मॅडमचं काम अडायला नको म्हणून इस्तारीभाऊ दर खेपेला डोंगा ट्रॅक्टरवर चढवून खालच्या तलावांवर न्यायचे, परत आणायचे. मॉडेलमध्ये पाऊस होता, उतार होता, ऊन होतं. ती स्वतः तेवढी राहून गेली होती.

"भाऊ, पाखरानं नाई. मी आणली. आपल्या डोंग्यातून."

मग तिनं सगळंच सांगितलं. ही पसरली की पाणी झाकून टाकते, जाळं फेकायला जागा ठेवत नाही, खाली मासोळी गुदमरते. सांगताना तिला मान वर करवेना. भाऊ चार शिव्या हासडते तर बरं झालं असतं. ते तर धोतर खोचून पाण्यात उतरले.

"ये व पोरी. अजून थोडीच हाये."

ऊन डोक्यावर येईतो पाळीवर, तलावाच्या बांधावर, ढीग पडला. तलाव पुन्हा मोकळा दिसला, तेव्हा कुठं दिव्यानीचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात इस्तारीभाऊंच्या घरच्या गोकुळाबाई चहाची किटली घेऊन आल्या आणि ढीग पाहून थबकल्या.

"अवं माय! काऊन उपटली व? तू आली तं तलावाले फुलं आली, असं साऱ्या गावाले सांगून राह्यली होती मी."

"बाई, लय वाईट झाड हाये हे. मासोळी मारते. एकही ठेवायचं नाई," दिव्यानी म्हणाली.

गोकुळाबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी किटली हळूच खाली ठेवली.

"एक तं डिंपलनं नेलं न. परवा पोरगी सासरी गेली, तं ओटीत टाकलं मी. तिच्या गावीबी मोठा तलाव हाये. त्यात सोडजो म्हटलं, माहेरची आठवण राहीन."

दिव्यानीनं ओल्या हातांनीच लॅपटॉप उघडला. नकाशावर डिंपलचं गाव हिरवं होतं.