पाचवीचा कागद

"पाचवी पुजल्याशिवाय माझ्या नातीला सुई लागणार नाही!" सासूबाई पाळण्यापुढे आडव्या उभ्या राहिल्या.

"आईच्या रक्तात हिपॅटायटिस बी आहे," हातात दोन इंजेक्शनं घेऊन सिस्टर म्हणाल्या. "ती कावीळ बाळाला होऊ नये म्हणून ही बारा तासांच्या आत द्यायची असतात. जन्माला नऊ तास होऊन गेले."

"सटवाई जे लिहील ते होईल."

मी टाके सांभाळत उठले. सासूबाईंना म्हणाले, "आत्या, माझ्याही पाचवीला आईनं कोरा कागद ठेवला होता. सटवाईनं त्यावर आईचीच कावीळ लिहिली. माझ्या लेकीचं मी लिहिणार."

लेकीला मांडीवर घेऊन मी तिचे दोन्ही पाय घट्ट धरले. दोन्ही सुया टोचेपर्यंत ती किंचाळत राहिली. मी हात सैल केले नाहीत.

पाचव्या दिवशी सासूबाईंनी पाटा पुजला, सटवाईसाठी पेन आणि कोरा कागद मांडला. मी कागद उचलला आणि तिथे लेकीचं लसीचं कार्ड ठेवलं. पहिल्या रकान्यात जन्माचीच तारीख होती.

"आता लिहू दे तिला," मी म्हणाले, "याच्या खाली."