शिट्टी होईपर्यंत
बायको गेल्यापासून बारावीतल्या मुलाला मी ताटही उचलू दिलं नव्हतं. "तू फक्त अभ्यास कर," एवढंच माझं पालुपद. आज त्यानं पुस्तक मिटलं. "बाबा, नुसतं बसलं की आईच दिसते. हाताला काम असलं की बरं वाटतं. आजचा भात मी लावणार." मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. कुकरच्या कडेनं फसफस वाफ सुटली. मी पुढे सरसावलो. "बाबा, हात मागे!" त्यानं गॅस बंद केला, वाफ जाऊ दिली, झाकण उघडलं. रबरी रिंग ओट्यावरच राहिली होती. ती बसवून कुकर पुन्हा चढवला. शेजारच्या वहिनी डोकावल्या. "परीक्षेच्या वर्षी पोराला चुलीला जुंपलंत होय?" तेवढ्यात खणखणीत शिट्टी झाली. "मी कुठला जुंपतोय, वहिनी? त्यानंच मला स्वयंपाकघरातून हाकललंय," छाती फुगवून म्हणालो. "बसा, त्याच्या हातचं जेवून जा."