एक नंबरचं नाक

टेक्निशियन बाईंनी एकेक नळी तिरकी करून उजेडात धरली. चार तास उबेत ठेवलेला प्लाझ्मा सोळाव्या नळीत पाण्यासारखा वाहिला. पंधराव्यात वाहिला, चौदाव्यात वाहिला. असं करत बाई पहिल्या नळीपर्यंत आल्या. ती त्यांनी तिरकी केली, आडवी केली, शेवटी पालथी केली. आतला गोळा जागचा हलला नाही.

नाकात जंतू कोणाच्या नसतात? सगळ्यांच्याच असतात, आणि बहुतेक बिचारे कोणाच्या अध्यात ना मध्यात. प्लाझ्मा गोठवणारी जात वेगळी. ती ऑपरेशनच्या टाक्यांत उतरली की पू झालाच. गेल्या महिन्यात तिघांचे टाके तसे उसवले, म्हणून ऑपरेशन थिएटरमधल्या सोळा जणांच्या नाकात कापसाच्या काड्या फिरल्या, आणि निघालेले जंतू सोळा नळ्यांतल्या प्लाझ्मात सोडले गेले. यादी मानाप्रमाणे केली होती. एक नंबर मोठे सर्जन, सोळा नंबर फरशी पुसणारी मावशी.

मावशीला चार दिवस कामावर घेतलं नव्हतं. चौकशी समितीला दोषी म्हणून तिचं नाव सुचायला पाच मिनिटं लागली होती, चहासकट. कामावरून काढल्याचं पत्र टाइप होऊन पडलं होतं. लॅबचा रिपोर्ट तेवढा जोडायचा राहिला होता.

मावशी दारातूनच म्हणाली, "ताई, माझं काय निघालं?"

"तुमचं नाक साफ आहे, मावशी."

"ते मला ठाऊकच आहे हो. कागदावर कधी येणार?"

कागदावर सही लॅबच्या साहेबांची लागत होती. साहेब आले, त्यांनी पहिली नळी पालथी करून पाहिली आणि यादीवरचं पहिलं नाव दोनदा वाचलं. सर्जनसाहेबांच्या नाकावर आजवर माशी बसलेली कोणी पाहिली नव्हती. आत मात्र भरवस्ती निघाली.

"स्लाइड दाखवा," साहेब म्हणाले.

सूक्ष्मदर्शकाखाली जांभळे ठिपके होते, द्राक्षांच्या घोसासारखे. जांभळा रंग धरून ठेवणारे, म्हणजे ग्रॅम-पॉझिटिव्ह. शिकाऊ पोरानेही झोपेत ओळखले असते.

"अल्कोहोल कमी पडलेलं दिसतंय," साहेब म्हणाले. "जरा जास्त वेळ ठेवलं तर जांभळा रंग निघून जाईल. मग खालून गुलाबी दिसतील. गुलाबी म्हणजे ग्रॅम-निगेटिव्ह. निराळीच जात."

"रंग जाईल, साहेब. जंतू कुठे जाणार?"

"रिपोर्टला जंतू जोडत नाहीत, बाई. फोटो जोडतात."

बारा वर्षांत पहिल्यांदाच साहेबांनी स्वतःच्या हाताने स्लाइड रंगवली. अल्कोहोल त्यांनी असं ओतलं, की घड्याळाकडे बघायचीही गरज पडली नाही. द्राक्षं गुलाबी झाली. घोस मात्र होते तसेच राहिले.

"आता सोळाही नाकं साफ," साहेब म्हणाले. "म्हणजे दोष फरशीचा."

"म्हणजे मावशींचा."

"मग फरशी काय मी पुसतो?"

तेवढ्यात मोठे सर्जन स्वतःच आत आले. मास्क हनुवटीवर होता. सवयीने त्यांनी नाक चिमटीत धरून दोनदा चोळलं.

"काय हो, आमच्या नाकाचा निकाल लागला की नाही?"

"लागला, सर. एकदम स्वच्छ."

"तरी म्हटलं!" सर्जनसाहेबांनी त्याच हाताने साहेबांचा हात दाबला. "बरं, उद्या आठला पहिलं ऑपरेशन आपल्या वहिनींचं. उपाशीपोटी आणा. पित्ताशयाला असा कितीसा वेळ लागतो! आणि काळजी करू नका, सगळं मी स्वतः करणार. ज्युनिअरला हातसुद्धा लावू देणार नाही."

ते गेले. साहेब दाबलेला हात अंगापासून लांब धरून उभे राहिले. मग दुसऱ्या हाताने त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, उद्याचं पुढे ढकलू या... तुला खोकला आहे ना?... नाही कसा?... मग येईल संध्याकाळपर्यंत. मी सांगतो ना, आहे म्हणून!"

फोन ठेवून त्यांनी मान वर केली. बाईंनी रिपोर्टचा कागद समोर सरकवलेला होता. सोळा ओळी भरलेल्या होत्या. पहिल्या ओळीत लिहिलं होतं: प्लाझ्मा गोठला.

"साहेब, पाच दिवस मलम लावलं की ते नाक साफ होतं," बाई म्हणाल्या. "पण त्यांना कळलं तर लावतील. नाहीतर वहिनींचा खोकला किती दिवस पुरवायचा?"

साहेबांनी कागद परत बाईंकडे सरकवला.

"सर चिडतील."

"चिडतील."

"तुमचं काय जातं, बाई? मला रोज त्यांच्या पंक्तीला बसायचं असतं."

"वहिनींना त्यांच्यासमोर झोपायचंय."

साहेबांनी गुलाबी स्लाइड उचलली आणि टाकाऊ काचेच्या डब्यात टाकली. "मावशीला सांगा, उद्यापासून या म्हणावं," ते म्हणाले. मग हात धुतले, कागद ओढला आणि सही केली. एरवी त्यांची सही तीन ओळी ओलांडून समासात घुसायची. आजची इतकी बारीक उतरली, की कोणाची आहे हे ओळखायला ती भिंगाखालीच धरावी लागली असती.