बरातालीच्या अंगणातला फेस

बरातालीने दुंबा मेंढ्याच्या शेपटीची चरबी अंगठ्यावर घेतली आणि मातीच्या मोठ्या परळाच्या आतून हळूहळू फिरवली. थर इतका पातळ, की माशीचा पाय घसरावा पण माणसाच्या डोळ्याला दिसू नये. मग त्याने अंगठा दाढीला पुसला, परळ ओट्यावर ठेवला आणि खोकत आत गेला.

आज वर्षातली सर्वांत मोठी रात्र. दिवस कलला की सगळं गाव त्याच्या अंगणात फेस खायला जमणार होतं.

फेस बीखच्या मुळाचा. कायेनच्या उजाड माळावर हे बुटकं झुडूप उगवतं, साळिंदर अंगाची गुंडाळी करून झोपल्यासारखं. बरातालीचा जन्म ते खणण्यात गेला होता. त्याच्या अंगात इतके काटे मोडले होते, की अंगरखा टांगायला त्याला खुंटी लागत नसे, असं लोक म्हणत. मुळाचं पहिलं उकळलेलं पाणी कडूजहर. ते छातीतला कफ काढतं आणि गालिच्यातला मळही. तीन-चार पाणी टाकली की कडवटपणा जातो. मग पुढचं पाणी गार करून डाळिंबाच्या काड्यांच्या जुडीने घुसळायचं. त्याचा पांढराशुभ्र फेस धरतो, तो द्राक्षाचा पाक आणि अक्रोड घालून खातात. शेजारच्या खावरखालाच्या फेसावर एका वर्षी कोंबडी अंडी उबवायला बसली होती. बाकी गोष्टींत लोक वाढवून सांगतात, ही मात्र खरी.

पण चरबीचं बोट लागलं की हा फेस मेलाच.

बरातालीची अट सगळ्या गावाला पाठ होती. त्याच्या सनोबरला मागणी घालणाऱ्याने मूळ स्वतः खणून आणायचं, या रात्री बरातालीच्याच परळात फेस घुसळायचा आणि भरलेला परळ बरातालीच्या डोक्यावर उलटा धरायचा. फेस हलला नाही तर मुलगी त्याची.

पहिल्या वर्षी उंटांचा व्यापारी आला. घुसळता घुसळता त्याच्या मिशांचा पीळ सुटला, परळात पाणी ते पाणीच. दुसऱ्या वर्षी केशरवाल्याचा मुलगा आला आणि हात गळ्यात बांधून परतला. तिसऱ्या वर्षी ट्रकवाला. त्याने जुडी तोडली, परळाला शिव्या घातल्या आणि जेवण न करता गेला. गाव म्हणालं, पोरीचं नशीब. सनोबर मात्र त्या तिन्ही रात्री भांडी घासताना गुणगुणत होती. बरातालीने ते ऐकलं होतं. पोरीला बापाचं घर सोडायचंच नाही, अशी त्याची खात्री झाली होती. विचारायची काही गरज त्याला वाटली नाही. ती गेली तर चहाचा समोवार कोण पेटवणार, आणि खोकल्याची ढास लागली की पाठ कोण चोळणार?

यंदा मुराद आला होता. हा भुयारी पाटांतला गाळ उपसणारा. इतका कमी बोलायचा, की त्याच्या गाढवालाही त्याचा आवाज ओळखू येत नसे. सकाळी त्याने मुळं आणून दिली तेव्हा त्याच्या दहाही बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. सनोबरने ती मुळं उकळायला ठेवली.

दुपारी बरातालीने खोकल्यासाठी पहिलं पाणी मागितलं. तिने अर्धी वाटी आणून दिली. हंडाभर पाण्याचं काय झालं, असं त्याने विचारलं, तर सणाचा दिवस आहे, धुणं निघालं होतं, म्हणाली.

ऊन उतरलं तशी माणसं जमली. मुराद परळापुढे मांडी घालून बसला आणि घुसळू लागला. बराताली उशीला टेकून निवांत चहा पीत होता. पहिला चहा संपला, परळात पाणीच होतं. दुसरा संपला, कडेला चार बुडबुडे आले. तिसरा पेला त्याच्या ओठांशीच राहिला. फेस वर येत होता. आधी दुधासारखा, मग दह्यासारखा, मग परळाच्या काठावरून त्याने डोकं वर काढलं.

बरातालीला एकदम खोकला आला. त्याने दिवा मागितला, हवा दमट आहे म्हणाला, पुढच्या वर्षी बघू म्हणाला.

"आधी तुझ्याच मुळाचा काढा घे," खावरखाला म्हणाली, "आणि डोकं पुढे कर. तीन वर्षं कोरडं राहिलंय ते."

मुरादने परळ उचलला आणि बरातालीच्या डोक्यावर उलटा धरला. बरातालीने डोळे घट्ट मिटले. एक थेंब पडावा म्हणून त्याने किती नवस बोलले, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

काहीच पडलं नाही.

मग एकच हसणं-ओरडणं सुरू झालं. पोरांनी फेस ओंजळींनी घेऊन एकमेकांच्या तोंडाला फासला. कुणीतरी मुरादलाही माखलं आणि तो पहिल्यांदाच मोठ्याने हसला. बराताली रिकामा परळ मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसला. त्याने आतून अंगठा फिरवला. अंगठा करकरला. पुन्हा फिरवला. मातीवर चिकटपणाचा मागमूस नव्हता.

सनोबरने त्याच्यापुढे चौथा चहा ठेवला. खाली बसून त्याची पाठ चोळू लागली.

"तिन्ही वर्षी चरबी दिसली होती, बाबा," ती हळूच म्हणाली. "परळ यंदाच धुतला."